सावता माळ्यांच्या मळ्यात मिरची होती का?

आषाढी एकादशी जवळ आली की फोनवर दोन संदेश हमखास फिरू लागतात. पहिला सांगतो, उपासाच्या ताटातली मिरची, बटाटा, शेंगदाणा, साबुदाणा हे सगळं अमेरिका खंडातून आलेलं आहे. पोर्तुगीज गोव्यात उतरेपर्यंत आपल्याकडे यातलं काहीच नव्हतं. दुसरा त्यावर विचारतो, मग तेराव्या शतकातल्या सावता माळ्यांच्या अभंगात ‘लसूण मिरची कोथिंबिरी’ कशी काय?

पहिल्या संदेशातली माहिती मुख्यतः बरोबर आहे. पण मला दुसऱ्यातला प्रश्न जास्त मोलाचा वाटतो, कारण तो पुरावा मागतो. ‘तज्ज्ञ म्हणतात’ एवढ्यावर त्याची बोळवण करू नये. एखादं पीक मूळचं कुठलं हे ठरवतात कसं, ते एकदा नीट समजलं की अभंगातल्या मिरचीचं कोडं सुटतं आणि ताटात खरोखर जुनं काय आहे तेही दिसू लागतं.

पिकाचं मूळ गाव कसं सापडतं

एखाद्या घराण्याचं मूळ गाव शोधायचं असेल तर नुसत्या आडनावावरून भागत नाही. ते घराणं आज कुठे राहतं यावरूनही काही कळत नाही; माणसं पोटामागे कुठेही जातात. पण ज्या गावात भाऊबंदांची जुनी घरं दाटीनं उभी आहेत आणि कुलदैवतही आहे, तिथे शोध बहुतेक संपतो. पिकांचं तसंच आहे. शेतातलं पीक माणसाचा हात धरून जगभर फिरतं, पण त्याचे रानटी भाऊबंद, म्हणजे कुणी न पेरता रानात वाढणाऱ्या त्याच्या जवळच्या जाती, सहसा आपली जागा सोडत नाहीत. पीक जिथे पहिल्यांदा माणसाळलं, तिथे ते भाऊबंद आजही सापडतात.

हा विचार शास्त्र म्हणून उभा करण्यात निकोलाय वाविलोव या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाचा मोठा वाटा. देशोदेशी फिरून त्याने बियाणी गोळा केली आणि १९२६ मध्ये पिकांच्या उगमस्थानांची मांडणी केली. पुढे स्टालिनच्या राजवटीत त्याला पकडलं आणि १९४३ मध्ये तो सारातोवच्या तुरुंगात उपासमारीनं गेला. त्याच सुमारास लेनिनग्राडला जर्मन सैन्याचा वेढा पडला होता. तिथल्या बियाण्यांच्या संग्रहाशेजारी त्याचे सहकारी भुकेनं मेले, पण त्यांनी संग्रहातलं धान्य खाल्लं नाही. त्यांत भाताचे अभ्यासक होते, भुईमुगाचेही होते. ‘हे पीक अमुक देशाचं’ हे वाक्य आपण सहज बोलून जातो. त्यामागे अशी माणसं आहेत, म्हणून हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

भाऊबंद हा पहिला साक्षीदार. दुसरा जमिनीतून निघतो: उत्खननात मिळालेले जळके दाणे, बिया, पाट्यावरवंट्याला चिकटून राहिलेले पिठाचे सूक्ष्म कण. तिसरा साक्षीदार जनुकं. चौथा साक्षीदार जुनी पुस्तकं, शिल्पं आणि नावं. हा चौथा सगळ्यांत बोलका असतो आणि सगळ्यांत कच्चाही. आपले बहुतेक वाद याच एकाच्या साक्षीवर चालतात.

मिरचीबद्दल हे साक्षीदार काय सांगतात

माणसानं मिरचीच्या पाच जाती लागवडीखाली आणल्या. या पाचही जातींचे आणि त्यांच्या कुळातल्या इतर जातींचे रानटी भाऊबंद मेक्सिकोपासून बोलिव्हिया-ब्राझीलपर्यंत पसरलेले आहेत. सह्याद्रीत नाहीत, ईशान्य भारतात नाहीत, आफ्रिकेतही नाहीत. उलट काळ्या मिरीचे रानवेल सह्याद्रीच्या दक्षिण भागातल्या जंगलात आजही झाडांवर चढलेले दिसतात, आणि काकडीची कडू रानटी बहीण हिमालयाच्या पायथ्याशी सापडते. मिरी आणि काकडी आपल्याच. मिरची नाही.

जमिनीतला पुरावाही तेच सांगतो. इक्वेडोरमध्ये सुमारे ६,००० वर्षांपूर्वीच्या वस्तीतल्या दळायच्या दगडांवर आणि भांड्यांवर मिरचीच्या पिष्टाचे कण मिळाले आहेत.

नावावर विसंबलं की काय होतं याचा नमुनाही मिरचीतच आहे. जगातल्या सगळ्यांत जहाल मिरच्यांपैकी बऱ्याच ज्या जातीत मोडतात, तिचं शास्त्रीय नाव ‘कॅप्सिकम चायनेन्सी’, म्हणजे चीनची मिरची. १७७६ मध्ये जाकँ या वनस्पतिशास्त्रज्ञाला ती चीनहून आली असं वाटलं आणि त्यानं तसं नाव देऊन टाकलं. मूळची ती ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. चूक कळली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

मग आधी तिखट कशाचं होतं

मिरचीशिवाय मराठी स्वयंपाक डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात येतो. याचं उत्तर आजीच्या बटव्यात आहे. आयुर्वेदात ‘त्रिकटु’ म्हणजे तीन तिखट पदार्थ सांगितले आहेत: सुंठ, मिरी आणि पिंपळी. ज्या परंपरेनं तिखट या चवीचा इतका बारकाईनं विचार केला, तिच्या यादीत जगातलं सगळ्यांत सोपं आणि सगळ्यांत जहाल तिखट असू नये, हे मला फार बोलकं वाटतं. काही जण जुन्या ग्रंथांतल्या ‘मरिच’ या शब्दाकडे बोट दाखवतात, पण मरिच म्हणजे काळी मिरीच.

कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात (११३० च्या सुमारास) राजाच्या भोजनाचं तपशीलवार वर्णन आहे. आजच्या महाराष्ट्राचा बराच भाग याच राज्यात होता. त्या पाककृतींत हिंग, आलं, मिरी, सैंधव येतं. मिरची येत नाही. त्यानंतर साडेचारशे वर्षांनी, १५९० च्या सुमारास लिहिलेल्या ‘ऐन-इ-अकबरी’त अकबराच्या मुदपाकखान्यातल्या पदार्थांची सामग्री मापांसकट दिली आहे. तिथेही तिखटपणाला मिरी आणि आलंच. गंमत अशी की त्याच ग्रंथात अननस आहे, आणि तोही अमेरिकेचाच. म्हणजे अमेरिकेची फळं तोवर बादशहाच्या ताटापर्यंत पोचली होती, पण मिरची उत्तरेच्या शाही स्वयंपाकात अजून शिरली नव्हती.

ती आली कशी, हे समुद्री मार्ग पाहिले की उलगडतं. कोलंबस १४९२ मध्ये कॅरिबियन बेटांवर पोचला. १५०० मध्ये पोर्तुगालचा काब्राल आधी ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला आणि त्याच सफरीत पुढे कालिकतला आला. एकाच राजाची गलबतं एकाच फेरीत दोन्ही किनारे गाठू लागली होती. १५१० मध्ये गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेलं.

पुढचं काम मिरचीनं स्वतःच्या गुणांवर केलं. मिरीच्या वेलाला भरपूर पाऊस, सावली आणि आधाराला झाड लागतं. नीट उत्पन्न सुरू व्हायला तीन-चार वर्षं जातात. मिरची त्याच वर्षी फळते, कोरडवाहू पट्ट्यातही तग धरते, परसात चार रोपं लावली तरी घराची सोय होते, आणि वाळवली की वर्षभर टिकते. भर म्हणून पक्षी मदतीला आले. तिखटपणा देणारं कॅप्सेसिन हे द्रव्य आपल्या जिभेवरच्या उष्णता ओळखणाऱ्या ग्राहीला (रिसेप्टरला) चेतवतं, म्हणून तोंड भाजल्यासारखं वाटतं. पक्ष्यांच्या अंगात तीच ग्राही कॅप्सेसिनला दाद देत नाही. ते मिरच्या खुशाल खातात आणि बिया दूर नेऊन टाकतात. (ही ग्राही शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं.) मिरी ज्यांना परवडत नव्हती, त्यांना मिरचीमुळे घरचं तिखट मिळालं. माझ्या मते आपल्या स्वयंपाकातली ही सगळ्यांत मोठी उलथापालथ होती, आणि ती गरिबाच्या चुलीपासून सुरू झाली असावी.

आता अभंगाकडे

सावता माळी अरणचे, आजच्या सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातले. त्यांनी १२९५ मध्ये देह ठेवला. कोलंबस त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी निघाला. मग ‘लसूण मिरची कोथिंबिरी’चं काय?

‘मुळात तिथे मिरी असेल’ असं एक उत्तर सुचवलं जातं. मला ते पटत नाही. अरणच्या कोरड्या मळ्यात मिरीचा वेल वाढणार नाही, आणि अभंग तर मळ्यात उगवणाऱ्या गोष्टींचाच आहे.

खरं उत्तर अभंग आपल्यापर्यंत कसे आले यात आहे. ते छापील पुस्तकातून आलेले नाहीत. वारीत, भजनात, कीर्तनात पिढ्यान्‌पिढ्या गायले गेले आणि मग वह्यांत उतरले. परंपरा सांगते की काशिबा गुरवांनी सावतोबांचे अभंग लिहून घेतले. पण लिहिलेलं असलं तरी नकलांवर नकला होताना शब्द हलतात. याचा सगळ्यांत भक्कम दाखला ज्ञानेश्वरीचा आहे. ती १२९० ची. पण तिच्या प्रतींत इतके पाठभेद शिरले होते की शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथ महाराजांना तिची शुद्ध प्रत तयार करावी लागली. इतक्या जपल्या गेलेल्या ग्रंथात तीनशे वर्षांत बदल होतात, तर टाळ-मृदंगाच्या तालावर तोंडातोंडी चालणाऱ्या चार ओळींत एक भाजी बदलणं अगदी स्वाभाविक आहे. ज्याच्या मळ्यात जे उगवत होतं त्यात त्यानं हरी पाहिला, आणि तसंच गायलं. ती मिरची पुढच्या कुणा वारकऱ्यानं आपल्या मळ्यातून आणलेली असणार. असं मानल्यानं अभंगाला कमीपणा येतो असं मला मुळीच वाटत नाही. लोक तो पाठ म्हणत नव्हते, जगत होते.

देवळांतली शिल्पं खोटी का?

हा पुढचा आक्षेप. कर्नाटकात सोमनाथपूरचं केशव मंदिर तेराव्या शतकातलं. तिथल्या मूर्तींच्या हातात मक्याच्या कणसासारखं काहीतरी आहे, आणि मका तर अमेरिकेचा. ते कणीसच आहे असं काही अमेरिकी अभ्यासकांनी १९८९ मध्ये मांडलं. १९९३ मध्ये पायक आणि सचान या मक्याच्या भारतीय अभ्यासकांनी ते तपासून नाकारलं. त्यांच्या मते ते मोत्यांनी मढवलेलं काल्पनिक फळ, मुक्ताफळ आहे. दगडात दाण्यांसारखा उठाव दिसला म्हणून तो मका ठरत नाही. त्या काळातला मक्याचा एखादा जळका दाणा जमिनीत सापडायला हवा.

असा दाणा सापडला तर शास्त्रज्ञ मत बदलतात का? बदलतात. रताळ्याचं उदाहरण घ्या. तेही अमेरिका खंडातलं. पण प्रशांत महासागरातल्या कुक बेटांपैकी मंगाइया बेटावर इसवी सन १००० च्या आसपासचे रताळ्याचे जळके अवशेष मिळाले, कोलंबसाच्या पाचशे वर्षं आधीचे. त्यामुळे रताळं युरोपियनांच्या आधीच पॉलिनेशियात पोचलं होतं हे सगळ्यांनी मान्य केलं. ते माणसांनी नेलं की समुद्राच्या प्रवाहानं, यावरच काय तो वाद उरला आहे. आपल्याकडे सीताफळाचा वादही अजून जिवंत आहे, कारण उत्खननात त्याच्या जुन्या बिया मिळाल्याचे दावे भारतीय संशोधकांनी केले आहेत. मिरचीच्या बाजूनं असा एकही दाणा पुढे आलेला नाही.

भुईमुगाचा जन्मदाखला

साबुदाण्याच्या खिचडीतलं दाण्याचं कूट काढून टाका, खिचडीला अर्थ राहत नाही. या दाण्याची कुळकथा मला सगळ्यांत विलक्षण वाटते.

गुणसूत्रं म्हणजे पेशीतले जनुकांचे धागे. दक्षिण अमेरिकेतल्या बहुतेक रानटी भुईमुगांत ती २० असतात. आपल्या भुईमुगात ४० आहेत. म्हणजे दोन वेगळ्या रानटी जातींचा संकर होऊन दोघांचे पूर्ण संच एकत्र आले. त्या दोन जाती कोणत्या, तेही ठाऊक आहे. त्यांतली एक उत्तर अर्जेंटिना आणि दक्षिण बोलिव्हियात मिळते. दुसरी बोलिव्हियातल्या एकाच ठिकाणाहून गोळा केलेली आहे. २०१६ मध्ये दोघींची जनुकीय मांडणी वाचली गेली, तेव्हा दुसरीची जनुकं आपल्या भुईमुगातल्या निम्म्या भागाशी जवळजवळ तंतोतंत जुळली. संशोधकांचा निष्कर्ष असा, की सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी एक जात सोबत नेली, ती दुसरीच्या शेजारी लावली गेली, आणि मधमाशीसारख्या एखाद्या कीटकानं बाकीचं काम केलं. जगातला प्रत्येक शेंगदाणा त्या संकराचा वंशज आहे. दुसरा कुठलाही देश या दाखल्यावर हक्क सांगू शकत नाही.

ताटातलं बाकीचं

बटाटा पेरू-बोलिव्हियाच्या अँडीज पर्वतातला. तिथे आजही त्याचे चार हजारांवर देशी वाण आहेत. पपई, पेरू, चिकू हेही अमेरिकेचेच.

साबुदाणा मूळचा आग्नेय आशियातल्या सागो ताडाच्या खोडातल्या पिठाचा. आपण आज खातो तो मात्र कसाव्याच्या, म्हणजे टॅपिओकाच्या कंदाचा, आणि हा कंद ॲमेझॉनच्या नैऋत्य भागातला. दुसऱ्या महायुद्धात मलायाकडून माल येणं थांबलं तेव्हा तमिळनाडूत सेलमच्या परिसरात कसाव्यापासून साबुदाणा बनवण्याचा धंदा उभा राहिला. कंद सोलून, ठेचून, धुऊन पांढरं सत्त्व खाली बसू देतात, ओलसर सत्त्व हलवून त्याचे गोळे करतात, ते तापल्या पत्र्यावर भाजतात आणि उन्हात वाळवतात. म्हणजे ज्या पदार्थावाचून एकादशी अडते असं आपल्याला वाटतं, तो आजच्या रूपात शंभर वर्षांचाही नाही.

राजगिऱ्याची गोष्ट तर मनात घर करून राहते. दाण्याचा राजगिरा मेक्सिको आणि अँडीजमधला. (पालेभाजीचा माठ त्याच कुळातला असला तरी आशियातला, तो आपला जुना.) अझटेक लोक राजगिऱ्याचं पीठ गोड पाकात मळून त्याच्या देवमूर्ती करत आणि त्या प्रसाद म्हणून वाटून खात. स्पॅनिश सत्तेनं तो विधी मोडून काढला. मेक्सिकोत आजही फुलवलेला राजगिरा पाकात घालून वडी करतात. आपल्या राजगिऱ्याच्या चिक्कीशेजारी ठेवली तर ओळखू येऊ नये. तिथे देवामुळे सत्तेच्या डोळ्यांत खुपलेलं धान्य इथे देवासाठी केलेल्या उपासात मानानं बसलं.

जुनं काय मग? वरीचे तांदूळ, शिंगाडा, सुरण, काकडी, आमसूल, दूध, दही, तूप. आमसूल तर सह्याद्रीचंच लेकरू. भगर, काकडीची कोशिंबीर आणि ताक एवढं ताट वाढलं तर ते ज्ञानदेवांच्या काळातही अनोळखी वाटलं नसतं.

मग उपासाला हे चाललंच कसं

‘नवीन गोष्टी धर्मात कशा बसल्या?’ हा आक्षेप दोन्ही बाजूंनी येतो. व्रत कशानं मोडत नाही, हे सांगणारा एक जुना श्लोक आहे. त्यातल्या आठ गोष्टींत पाणी, मुळं, फळं, दूध, हवि (यज्ञात अर्पण करायचं अन्न) आणि औषध येतात. नियम प्रकारांचा होता, नावांचा नव्हता. निषेध मुख्यतः धान्यांचा. बटाटा आणि रताळं जमिनीखालून निघालं, ते कंदमुळांत गेलं. राजगिरा भाजीचं बी ठरला. मला यात कुठे पळवाट दिसत नाही. नवी वस्तू समोर आली, तेव्हा घरातल्या बायकांनी जुन्या नियमाचा अर्थ लावून तिला जागा दिली. प्रत्येक घरानं तो अर्थ वेगळा लावला, म्हणून कुणाकडे जिरं चालतं, कुणाकडे नाही. कुणी कोथिंबीर घालतं, कुणी बाजूला ठेवतं.

म्हणजे मिरची परकी का?

उगम परका आहे, पीक परकं नाही. आपल्या शेतकऱ्यांनी निदान चार शतकं बी राखलं, निवडलं, पुन्हा पेरलं. नागपूर जिल्ह्यातली भिवापुरी, सीमाभागातली संकेश्वरी, रंगासाठी घेतात ती ब्याडगी, नखाएवढी लवंगी, हे वाण मेक्सिकोत मिळत नाहीत. ते इथल्या मातीत आणि इथल्या लोकांच्या हातून घडले. भिवापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. सेलमच्या साबुदाण्यालाही २०२३ मध्ये मिळालं.

तरीही मूळ गाव लक्षात ठेवायला हवं, आणि त्यात अस्मितेचा प्रश्नच नाही. गरज शेतातली आहे. दूर देशी आलेलं पीक थोड्याशा बियाण्यातून वाढलेलं असतं, त्यामुळे रोगाशी लढायला लागणारी विविधता त्याच्याकडे कमी असते. ती भाऊबंदांकडे असते. भुईमुगावर टिक्का आणि तांबेरा पडला की पानं झडतात, शेंगा पोसत नाहीत, आणि खरिपाचा पैसा बुडतो. हैदराबादजवळ पटनचेरूला असलेल्या इक्रिसॅट या संस्थेत बोलिव्हियातल्या ‘कार्डेनासी’ नावाच्या रानटी भुईमुगाचं रक्त आपल्या भुईमुगात आणलं गेलं. त्या वंशावळीतून धारवाडच्या कृषी विद्यापीठानं जीपीबीडी-४ हा वाण काढला. त्याच्यावर टिक्का आणि तांबेरा दोन्ही सहजासहजी चढत नाहीत.